पुतळ्यासमोरचं बाक

बेनफिका हरत होतं, आणि कॅफेतलं कुणीच खूश दिसत नव्हतं. त्यात नवल नव्हतं, कारण लिस्बनमध्ये दर दुसरा माणूस बेनफिका या फुटबॉल क्लबचा असतो. नवल कोपऱ्यातल्या टेबलाचं होतं. तिथे गळ्यात निळा मफलर गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. मफलरवर 'बेलेनेन्सेस' विणलेलं. टीव्हीवरही बेलेनेन्सेस दोन, बेनफिका शून्य. आणि आजोबा टीव्हीकडे पाठ करून कॉफीत साखर ढवळत होते.

तारीख २७ ऑक्टोबर २०१८, शनिवार. ऑफिसच्या कामासाठी मी तीन महिने लिस्बनला होतो आणि राहायची खोली बेलें भागात मिळाली होती. पोर्तुगीज म्हणावं तर 'बों दिया' आणि 'उमा बिका' एवढंच येत होतं, म्हणजे नमस्कार करून कॉफी मागण्यापुरतं. पण मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर मामाच्या खांद्यावर बसून फुटबॉल बघितलेला माणूस दुसऱ्याच्या विजयात नाक खुपसल्याशिवाय राहत नाही. मी आजोबांना टीव्हीकडे बोट दाखवून अंगठा वर केला. त्यांनी मान हलवली, मफलरवर टिचकी मारली, टीव्हीकडे न बघताच हात झटकला आणि काहीतरी पुटपुटले. काउंटरवरच्या पोरानं मला इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतायत, ते आम्ही नव्हे."

रात्री मामाला फोन केला तेव्हा हे सांगितलं. मामा शिवाजी पेठेतला. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारचे संघ असतात, आपला आणि दुसऱ्या पेठेचा. तो म्हणाला, "आरं, नाव आपलं, रंग आपला, आन् जिंकलेला संघ आपला न्हाय म्हंजे काय? बघ की जरा नीट इचारून."

मग मी नीट विचारत गेलो. तीन महिने, आणि खरं तर त्यानंतरही.

बेलें म्हणजे लिस्बनच्या पश्चिमेचा, तेजो नदीकाठचा भाग. पर्यटक इथे तीन गोष्टींसाठी येतात: जेरोनिमोशचा मठ, नदीत पाय सोडून उभा असलेला बेलेंचा बुरूज आणि १८३७ पासून चाललेल्या दुकानातले पश्तेल, म्हणजे वर दालचिनी भुरभुरलेले कस्टर्डचे गरम टार्ट. या टार्टांवरून बेलेनेन्सेसवाल्यांना बाकीचं लिस्बन 'पश्तेइश' म्हणून चिडवतं. चिडवलं गेलेलं नाव मग त्यांनीच मिरवायला घेतलं, हे आपल्याकडच्या पेठांत राहिलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

त्या दुकानाच्या गल्लीतच एके काळी फार्मासिया फ्रांको नावाचं औषधाचं दुकान होतं. तिथे २८ फेब्रुवारी १९०४ रोजी काही तरुण जमले आणि त्यांनी 'स्पोर्ट लिस्बोआ' नावाचा क्लब काढला. हाच आजचा बेनफिका. म्हणजे पोर्तुगालचा सगळ्यात मोठा क्लब जन्मला बेलेंमध्ये. पण क्लबला स्वतःचं मैदान नव्हतं. १९०७ मध्ये आठ चांगले खेळाडू सोयीसुविधांच्या ओढीनं स्पोर्टिंग या लिस्बनच्याच दुसऱ्या क्लबकडे गेले आणि १९०८ मध्ये उरलेल्या क्लबनं बेनफिका उपनगरातल्या एका मंडळाशी हातमिळवणी केली. त्या मंडळाकडे मैदान होतं. संघ तिकडे गेला, नावात बेनफिका आलं आणि बेलेंच्या पोरांना आपल्याच गल्लीत जन्मलेल्या क्लबकडून खेळायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं.

मला वाटतं, बेलेनेन्सेसची गोष्ट १९१९ मध्ये सुरू होत नाही. ती इथे सुरू होते, १९०८ मध्ये, संघ निघून जाण्यापासून.

आर्तुर जोझे परेरा हा बेलेंचा पोरगा. पोर्तुगीज फुटबॉलचा पहिला मोठा तारा म्हणतात त्याला. तो आधी बेनफिकाकडून खेळला, मग स्पोर्टिंगकडून. दोन्हीकडे त्याचं नाव झालं. पण आपल्या भागाचा संघ हवा हे त्याच्या डोक्यातून जाईना. १९१९ च्या उन्हाळ्यात तो आणि बेलेंचे त्याचे खेळगडी संध्याकाळी चौकातल्या एका बाकावर बसून हेच बोलत असत. आपण ज्याला कट्टा म्हणतो तेच. २३ सप्टेंबर १९१९ रोजी क्लब स्थापन झाला: 'क्लूब द फुतेबोल उश बेलेनेन्सेस', बेलेंकरांचा फुटबॉल क्लब. नावात सगळं आलं.

तो चौक मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा पाटी वाचून थबकलो. प्रासा आफोंसो द आल्बुकर्क. मधोमध उंच खांब, आणि त्यावर गोवा घेणारा आल्बुकर्क उभा. ज्याच्या नावावरून हापूस आला असं आपल्याकडे मानतात, तो हाच. १५१० मध्ये त्यानं आदिलशाहीकडून गोवा घेतलं आणि पुढची साडेचारशे वर्षं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्याच्या पुतळ्यासमोरच्या बाकावर लिस्बनच्या एका भागातली पोरं फुटबॉलचा संघ काढायच्या गप्पा मारत बसली होती, हे दृश्य मला बराच वेळ पचेना.

आणि त्यांनी बोधचिन्हावर घातला तो 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'चा लाल क्रूस. वास्को द गामाच्या शिडांवर होता तोच. त्यांच्या बाजूनं साधी गोष्ट आहे. गामाची गलबतं १४९७ मध्ये इथल्याच रेस्तेलोच्या किनाऱ्यावरून निघाली. तो क्रूस म्हणजे त्यांच्या गावाची खूण. आपल्या बाजूनं तोच क्रूस चौल, वसई, गोव्याच्या पाण्यात तोफांसकट आला. मेणवलीच्या घाटावर चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली घंटा टांगलेली आहे, ती मी शाळेच्या सहलीत वाजवून बघितलेली. आता तेच चिन्ह छातीवर लावलेल्या संघाची बाजू घ्यायची म्हणजे जरा अवघडच. मामाला सांगितलं तर म्हणाला, "संघ बेलेंचा हाय का पोर्तुगालच्या राजाचा?" बेलेंचा. "मग झालं तर."

पुढचा भाग मी पटकन सांगतो, कारण यशाच्या गोष्टी सगळ्याच क्लबांच्या सारख्या असतात. संघ लवकरच जमला. तेव्हाची राष्ट्रीय स्पर्धा बेलेनेन्सेसनं १९२७, १९२९ आणि १९३३ मध्ये जिंकली. त्यांच्याबद्दल एक वाक्प्रचारच पडला, 'बेलेनेन्सेसची पंधरा मिनिटं'. म्हणजे हरत आलेला सामना शेवटच्या पाव तासात फिरवणं. १९२६ मध्ये बेनफिकाविरुद्ध १-४ असे मागे असताना त्यांनी सामना ५-४ असा जिंकला. शेवटचा गोल पेनल्टीवर, अठरा वर्षांच्या एका नवख्या पोरानं मारलेला. त्याला पेपे म्हणत.

पेपेपाशी मात्र थांबायला हवं.

जोझे मानुएल सोआरेस, जन्म ३० जानेवारी १९०८, बेलेंमध्येच. गरीब घरातला. नौदलाच्या विमानांच्या कार्यशाळेत कामाला जाणारा आणि कामावरून सुटला की खेळणारा. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगाल चिलीविरुद्ध दोन गोलांनी मागे होतं. तो सामना पोर्तुगालनं ४-२ असा जिंकला. त्यात पेपेचे दोन गोल. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, आईनं त्याला डब्यात पाव आणि तळलेलं शोरिसु दिलं. (शोरिसु म्हणजे गोव्यातल्या चोरीसाचा मूळपुरुष.) ते शिजवताना नजरचुकीनं त्यात कॉस्टिक सोडा पडला होता. पेपेनं कामावर डबा उघडला, खाल्लं, आणि २४ ऑक्टोबरला तो गेला. वय २३.

हे वाचल्यापासून मला पेपेपेक्षा त्याच्या आईचा विचार जास्त येतो. क्लबनं मैदानाला पेपेचं नाव दिलं. लोकांनी स्मारक उभारलं. त्या बाईनं त्या भागात नंतर दिवस कसे काढले असतील? दर रविवारी त्या मैदानातून उठणारा गलका तिच्या घरापर्यंत येत असेल का? याचं उत्तर कुठल्याही क्लबच्या इतिहासात नसतं.

पेपेचं स्मारक आता रेस्तेलोच्या स्टेडियमपाशी आहे. एक प्रथा अशी की पोर्तोचा संघ रेस्तेलोत खेळायला आला की आधी पेपेच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहतो. पोर्तो आणि लिस्बन यांचं वैर किती कडू आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच या फुलांचं वजन कळेल. ही प्रथा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेपेचं नाव दिलेलं मैदान म्हणजे सालेझियास. १९२८ मध्ये सुरू झालेलं, आणि पोर्तुगालमधलं हिरवळीचं पहिलं मैदान. राष्ट्रीय संघही तिथे खेळायचा. ३० जानेवारी १९३८ रोजी, म्हणजे पेपे असता तर त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, तिथे पोर्तुगाल विरुद्ध फ्रँकोचा स्पेन असा सामना होता. स्पेनमध्ये यादवी चालू होती, पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारची राजवट. सामन्याआधी खेळाडूंनी हात पुढे करून फॅसिस्ट सलाम द्यायचा असा रिवाज. पोर्तुगालच्या रांगेत बेलेनेन्सेसचे तिघे होते. आर्तुर क्वारेज्मानं हात खालीच ठेवले. मारियानो आमारो आणि जोझे सिमोएस यांनी हात वर केले, पण मुठी आवळून. तिघांनाही राजकीय पोलिसांनी चौकशीला नेलं. आपल्याच मैदानावर, आपल्याच लोकांसमोर. आडनाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे. हल्लीचा प्रसिद्ध विंगर रिकार्दो क्वारेज्मा हा त्या आर्तुरचा नातलग.

पण याच क्लबचा दुसरा चेहराही सांगायला हवा, नाहीतर गोष्ट फार सोज्ज्वळ होईल. अ‍ॅडमिरल आमेरिको तोमाश हा राजवटीचा खंदा माणूस, वर्षानुवर्षे नौदलमंत्री, आणि तोच एके काळी बेलेनेन्सेसचा अध्यक्ष होता. १९५८ मध्ये तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याचं कार्यालय आलं बेलेंच्या राजवाड्यात. हा गुलाबी राजवाडा बरोबर त्या चौकासमोर आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटलं तेव्हा तिथे झुंजून किनाऱ्याला लागलेल्या पोर्तुगीज युद्धनौकेचं नावही 'आफोंसो द आल्बुकर्क'च होतं. ती बातमी ज्या राजवाड्यात पोचली त्याच्या खिडकीतून आल्बुकर्कचा पुतळा दिसतो, आणि पुतळ्याखाली क्लबचं बाक. एका क्लबमध्ये मुठी आवळणारा आमारोही असतो आणि तोमाशही. पेठेतल्या मंडळात नगरसेवकही असतो आणि त्याला शिव्या घालणारा पोरगाही, तसंच.

१९४५-४६ चा हंगाम. संघाचा प्रशिक्षक आगुस्तो सिल्वा, पेपेबरोबर ऑलिंपिकला गेलेला. गोलरक्षक कापेला आणि त्याच्या पुढे वास्को व फेलिसियानो; या तिघांना लोक 'बेलेंचे बुरूज' म्हणत. २६ मे १९४६ ला शेवटचा सामना स्पेनच्या सीमेवरच्या एल्वास गावात होता. जिंकलं तर विजेतेपद, नाहीतर बेनफिका. एल्वासनं आधी गोल केला. बेलेनेन्सेसनं सामना २-१ असा फिरवला. ३८ गुण, बेनफिकाचे ३७. पोर्तुगालच्या लीगचं विजेतेपद बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग सोडून आजवर दोनच क्लबांना मिळालं आहे. २००१ मध्ये बोआविश्ताला, आणि त्याआधी ५५ वर्षं, यांना. पुढच्या वर्षी डिसेंबरात रियाल माद्रिदनं नवं स्टेडियम बांधलं, तेच आजचं बर्नाबेऊ. त्याच्या उद्घाटनाला पाहुणा संघ म्हणून बोलावला बेलेनेन्सेसला. हरले ३-१, पण उद्घाटनाला हरायचंच असतं.

कॅफेतले आजोबा हळूहळू माझ्या ओळखीचे झाले. ते इंग्रजी बोलत नसत. मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये '१९४६' म्हटलं की ते मान डोलावत. '१९५५' म्हटलं की चार बोटं वर करत.

चार बोटं म्हणजे चार मिनिटं. २४ एप्रिल १९५५, शेवटचा दिवस. बेलेनेन्सेस पहिल्या क्रमांकावर, सालेझियासवर स्पोर्टिंगविरुद्ध २-१ नं पुढे. सामना संपायला चार मिनिटं असताना स्पोर्टिंगच्या मार्तिंशनं बरोबरी साधली. स्पोर्टिंगला त्या गोलानं काहीच मिळणार नव्हतं. विजेतेपद गेलं बेनफिकाला. दोघांचे गुण सारखे, ३९. म्हणजे १९०८ मध्ये निघून गेलेल्या क्लबला, १९०७ मध्ये ज्यांच्याकडे खेळाडू गेले त्या क्लबनं, बेलेंच्या मैदानात बसून विजेतेपद बहाल केलं. ज्या संघाच्या नावानं शेवटच्या पंधरा मिनिटांचा वाक्प्रचार पडला, त्याला शेवटच्या चार मिनिटांनी गाठलं. मी कादंबरी लिहीत असतो तर एवढं जुळवून आणायला लाजलो असतो.

त्या संघात मातातेऊ होता. खरं नाव सेबास्तियांव लुकास द फोन्सेका. मोझांबिकच्या लोरेन्सु मार्केशमधून, म्हणजे आजच्या मापुतोमधून, १९५१ मध्ये आलेला. १९५३ आणि १९५५ मध्ये लीगमधला सर्वाधिक गोलांचा मानकरी. पोर्तुगालचा गाजलेला खेळाडू एउझेबियो येण्याच्या दहा वर्षं आधी आफ्रिकेतून आलेल्या या माणसानं लिस्बनला वेड लावलं होतं. बिअर त्याला प्रिय होती आणि ती त्यानं कधी लपवली नाही. उतारवयात तो कॅनडात गेला, तिथेही वयाच्या पन्नाशीपर्यंत खेळत राहिला, आणि २००० मध्ये तिथेच वारला. त्याचा धाकटा भाऊ व्हिसेंत बचावपटू. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालनं ब्राझीलला ३-१ असं हरवलं तेव्हा पेलेवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. त्या सामन्यात पेलेला ज्यानं निर्दयपणे पाडलं तो दुसरा, मोराइश. व्हिसेंतची ख्याती पाय न तोडता चेंडू काढून घेण्याची होती. विश्वचषकानंतर थोड्याच दिवसांत मोटार अपघातात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि खेळ संपला.

या दोन भावांबद्दल बोलताना आजोबा मोठ्यानं बोलत. त्या दोघांच्या देशाला साम्राज्यानं काय दिलं आणि काय घेतलं, यावर आमचं बोलणं होण्याइतकी भाषा मला येत नव्हती. त्यांना येत होती, पण ते बोलले नाहीत.

१९५६ मध्ये सालेझियास गेलं. शहराच्या विकास आराखड्यात ती जागा हवी होती. मंत्रिमंडळात क्लबचा माजी अध्यक्ष असूनही क्लबला उठावं लागलं. २३ सप्टेंबर १९५६ ला, ३७ व्या वाढदिवशी, टेकडीवर रेस्तेलोचं नवं स्टेडियम उघडलं. सुंदर आहे. एका बाजूच्या पायऱ्यांवर बसलं की खेळापलीकडे तेजो दिसते, समुद्राकडे निघालेली जहाजं दिसतात. पण ते बांधण्याच्या खर्चानं क्लब वाकला तो वाकलाच. आणि सालेझियासवर आराखड्यातलं काहीच उभं राहिलं नाही. देशातलं हिरवळीचं पहिलं मैदान दशकानुदशकं तसंच पडून, गवत आणि झुडपं माजलेलं. आरक्षण टाकून मैदान घ्यायचं आणि मग विसरून जायचं, हे काम फक्त आपल्याच महापालिकांना जमतं असं मला वाटायचं.

त्यानंतर उतार. १९६० चा राष्ट्रीय कप मिळाला, मग थेट १९८९ चा, अंतिम सामन्यात बेनफिकाला २-१ असं हरवून. मधल्या काळात, १९८२ मध्ये, क्लब इतिहासात पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत घसरला. एकदा घसरण्याची वाट सापडली की ती पुन्हा पुन्हा सापडते. वर, खाली, वर, खाली.

आता आजोबांच्या पाठीकडे येतो.

पोर्तुगालमध्ये क्लब सभासदांचा असतो. सभासद वर्गणी भरतो, मत देतो, अध्यक्ष निवडतो. पण व्यावसायिक फुटबॉलचा संघ चालवायला कायद्यानं वेगळी कंपनी लागते. तिला 'साद' म्हणतात. खेळासाठीची भागभांडवल कंपनी. बहुतेक मोठ्या क्लबांत या कंपनीची चावी क्लबकडेच राहते. २०१२ मध्ये कर्जानं गांजलेल्या बेलेनेन्सेसनं आपल्या कंपनीचे ५१ टक्के भाग एका गुंतवणूकदार कंपनीला विकले. तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं असणार. पैसे आले, संघ पुन्हा वरच्या श्रेणीत गेला, युरोपातही खेळून आला. पण घर एकाचं आणि चूल दुसऱ्याची असं किती दिवस चालणार? वाद झाले, लवाद झाले, कोर्ट झालं. ३० जून २०१८ ला रेस्तेलो वापरण्याचा करार संपला आणि कंपनीचा संघ जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर निघून गेला. खेळाडू, प्रशिक्षक आणि पहिल्या श्रेणीतली जागा, सगळं घेऊन.

क्लबकडे काय उरलं? रेस्तेलो. क्रूस. पेपेचं स्मारक. कपाटातले चषक. हँडबॉल आणि रग्बीचे संघ. आणि सभासद. या सभासदांनी काय करावं? त्यांनी नवा संघ उभा केला आणि तो लिस्बन जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या गटात उतरवला. देशातली सहावी पायरी. एके काळी बर्नाबेऊचं उद्घाटन करणारा क्लब आता वस्त्यांच्या संघांशी खेळू लागला.

म्हणून ते आजोबा पाठ करून बसले होते. टीव्हीवर बेनफिकाला हरवत होता तो जामोरचा संघ. त्यांचा संघ सहाव्या पायरीवर होता. बेनफिकाला हरवलेलं बघण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली असेल, त्यांनी त्या संध्याकाळी मान वळवली नाही. मी असतो तर चोरून बघितलं असतं, हे कबूल करतो.

पोर्तुगीजमध्ये 'रेस्तेलोचा म्हातारा' असा एक शब्दप्रयोग आहे. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यात गामाची जहाजं निघताना किनाऱ्यावर एक म्हातारा उभा राहून या साहसाला शिव्याशाप देतो. त्यावरून कुठल्याही नव्या गोष्टीला नाकं मुरडणाऱ्याला तसं म्हणतात. क्लबच्या सभासदांनाही तेव्हा हे ऐकावं लागलं असेल: जग बदललं, फुटबॉल धंदा झाला, तुम्ही किनाऱ्यावर उभे राहून ओरडताय. मी त्या महाकाव्यातल्या म्हाताऱ्याच्याच बाजूचा आहे. आमच्या किनाऱ्यावरून बघता तो अगदी बरोबर बोलत होता.

पोर्तोच्या फुलांचं काय झालं असेल, हा विचार मला तेव्हा छळायचा. बेलेनेन्सेस नावाचा संघ पहिल्या श्रेणीत होता, पोर्तो त्याच्याशी खेळायला लिस्बनला येणार होतं, पण सामना जामोरला. तिथे पेपे नाही.

मग कोर्टानं कंपनीला बेलेनेन्सेसचं नाव आणि क्रूस वापरायला बंदी केली. संघाचं नाव उरलं 'बी-साद'. हे नाव कुणी कुठल्या स्टँडमधून कसं ओरडावं हे मला आजतागायत समजलेलं नाही. २७ नोव्हेंबर २०२१ ला करोनाच्या साथीत त्यांचे बहुतेक खेळाडू आजारी पडले आणि बेनफिकाविरुद्ध नऊच जण मैदानात उतरले. त्यातला एक मैदानी खेळाडू म्हणून उतरवलेला गोलरक्षक. मध्यंतराला ०-७. दुसऱ्या अर्धात सातच परतले, त्यातला एक खाली बसला, सहा उरले, आणि नियमाप्रमाणे सामना थांबला. मी तेव्हा परत कोल्हापुरात होतो आणि ते फोनवर बघितलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या नऊ पोरांचा यात काय दोष होता?

त्याच वर्षांत दुसरीकडे रेस्तेलोचा संघ वर चढत होता. पाच हंगामांत पाच बढत्या. २०२३ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत पोचला, आणि त्याच उन्हाळ्यात बी-साद त्याच दुसऱ्या श्रेणीतून खाली पडला. जिन्यात दोघांची गाठ पडावी तसं. पण शेजारच्या पायरीवर उभं राहून एकमेकांकडे बघण्याची वेळ आलीच नाही, कारण बी-साद दुसऱ्या एका क्लबात विलीन झाला. बेलेनेन्सेस मात्र २०२४ मध्ये पुन्हा एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत आला. परीकथा वगैरे काही नाही.

लिस्बनमधल्या शेवटच्या आठवड्यात मी सालेझियासला जाऊन आलो होतो. महापालिकेनं जागा परत दिली, आणि साठ वर्षांनी तिथे पुन्हा मैदान झालं आहे. हिरवळ कृत्रिम. क्लबची लहान पोरं सराव करत होती, निळ्या बंड्यांत, छातीवर क्रूस. आसपास इमारती आणि वाळत घातलेले कपडे. एका पोराची आई कुंपणाला टेकून हातात डबा घेऊन उभी होती.

मामाला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो आहे. गेल्या खेपेला शिवाजी पेठेत त्याच्याकडे गेलो तर त्यानं आपणहून विचारलं, "तुझ्या त्या बेलेंवाल्यांचं काय चाललंय?"

"तिसऱ्या श्रेणीत आहेत."

"आन् त्यो पळून गेलेला संघ?"

"तो विलीन झाला. कोवा द पिएदादे नावाच्या क्लबात."

"त्यो कुठल्या पेठेचा?"

"पेठेचा नाही, नदीपलीकडचा. आल्मादाचा."

मामानं चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे नदीपल्याड गेला म्हणायचा," तो म्हणाला, आणि पेपर उघडून शाहू स्टेडियमच्या सामन्यांचं वेळापत्रक शोधायला लागला.